राजाच्या खिडकीखालचा उघडा वाफा

एका राज्यात, जिथे डोंगर आपल्या मर्जीने जागा बदलत आणि कुणी त्यांना जाब विचारत नसे, तिथे रत्नभान नावाचा राजा राज्य करत होता. राजा न्यायी होता, दिलदार होता. पण फुलांच्या बाबतीत त्याच्यापाशी धीर नावाला नव्हता. हिमपर्वतावरची निळी फुले आण, सात समुद्रांपलीकडची आण, अंगणात मांड, आठ दिवस मिरव; माना टाकल्या की भिंतीपलीकडे फेक आणि नवी आण, असा त्याचा खाक्या.

आता भिंतीपलीकडे काय होते? तर काळजट नावाच्या मांत्रिकाची गुहा. टाकलेली झाडे नेमकी त्याच्या दारात येऊन पडत. मांत्रिक ती उचली, खड्डा खणी आणि एकेक पुरी. पुरून पुरून त्याची पाठ वाकली. एके दिवशी एक निळ्या फुलांचे रोप, अजून धुगधुगी असतानाच, त्याच्या पायाशी येऊन आदळले. त्या दिवशी मात्र त्याला राहवले नाही. तो भिंतीतून आरपार चालत थेट दरबारात आला.

"राजा," तो म्हणाला, "आजपासून तुझ्या अंगणात जे झाड मरेल, ते तुझ्या लेकीच्या आयुष्यातले एक वर्ष घेऊन जाईल."

राजाने सिंहासन सोडले आणि हात जोडले. "उःशाप द्यावा."

"तीन वाफे दाखवतो. त्यांत तीन झाडे लाव. लावताना एक तांब्या पाणी. पुढे वर्षभर माणसाने पाणी घालायचे नाही, खुरपायचे नाही, हात लावायचा नाही. तिन्ही झाडे आपापल्या ऋतूत फुलली, तर शाप सुटेल. एक जरी मेले, तर मुलगी गेली असे समज."

पहिला वाफा त्याने दाखवला तो गच्चीवरचा. तिथे नुसती खडी होती, आणि दुपारी अनवाणी पाय ठेवायची सोय नव्हती. दुसरा न्हाणीघरामागचा; तिथे ऊन कधी आले नव्हते आणि चिखल कधी वाळला नव्हता. तिसरा राजाच्या शयनमहालाच्या खिडकीखालचा. सुटी काळी माती, सकाळचे ऊन, दुपारची सावली. राजाला वाटले, हा तरी सोपा दिला. मांत्रिक आला तसा भिंतीत शिरला.

राजकन्या बकुळा तेव्हा सोळा वर्षांची होती. तिला जन्म देऊन राणी गेली, तेव्हापासून यमना माळिणीने तिला स्वतःच्या दुधावर वाढवले होते. शाप पडला आणि अंगणातली नाजूक झाडे एकामागून एक माना टाकू लागली. आठव्या दिवशी बकुळेचे केस पांढरे झाले, पंधराव्या दिवशी तिने काठी मागितली.

"यमनाई," ती म्हणाली, "मला सुईत दोरा ओवता येत नाही. बाबांना सांगू नकोस. ते आणखी झाडे आणतील."

कुणी सांगण्याआधीच राजाने आणखी झाडे मागवली होती. घाबरलेला माणूस दुसरे काय करणार? जे येते तेच तो जास्त जोराने करतो. यमनेने दरबारात जाऊन पदर सावरला. "महाराज, आता एकही कुंडी नको. आहेत तेवढ्या हत्तींवर चढवा आणि जिथून आणल्या तिथे पोचवा. थंडीची थंडीत, वाळूतली वाळूत. वाफ्यांचे मी पाहते."

राजाने तसे केले. अंगण उजाड झाले, पण मरायला तिथे काही उरले नाही, आणि बकुळा साठीच्या उंबऱ्यावर थांबली.

यमना वेशीबाहेर पडली. चैत्र होता. एका बाभळीवर शिंजीर बसला होता, अंगठ्याएवढा, जांभळा, भारी तोऱ्याचा. त्या राज्यात पक्षी बोलत, आणि शिंजीर जरा जास्तच बोलत.

"जास्वंद लाव," तो म्हणाला. "लाल. टपोरी. तिचा मध मला फार आवडतो."

"तुझ्या पोटाचे मागाहून पाहू," यमना म्हणाली. "मला एवढेच सांग. गेल्या वर्षी जिथे मध प्यायलास, यंदाही त्याच झाडावर प्यायलास, आणि मधल्या काळात तिथे माणूस फिरकला नाही, अशी जागा कोणती?"

शिंजीराने चोच फांदीला पुसली. "उत्तरेला एक गाव आहे. विहिरीत यक्ष राहायला आला म्हणून चाळीस वर्षांपूर्वी लोक उठून गेले. घरे पडली. दारातली फुले मात्र तिथेच राहिली."

तीन दिवस चालून यमना त्या गावात पोचली. विहिरीतून यक्ष कमरेपर्यंत वर आला. "माझे सोने न्यायला आलीस? ने. हात लावलास की दगड होशील, एवढे सांगून ठेवतो."

"मला सोने नको. फुले हवीत."

"ती माझी नाहीत," यक्ष म्हणाला, आणि पुन्हा पाण्यात बसला.

यमना घराघरांतून हिंडली. कुठे कोण टिकले, तेवढेच ती पाहत होती. पडक्या भिंतीच्या फटीत, जिथे मूठभरही माती नव्हती, तिथे गुलाबी सदाफुली हसत होती. बकऱ्या तिला तोंड लावत नव्हत्या आणि ऊन तिला बाधत नव्हते. ती गच्चीसाठी घेतली. सांडपाण्याच्या जुन्या मोरीशी, सावलीत, सोनटक्क्याचे रान माजले होते. त्याचा एक गड्डा न्हाणीघरामागे जाणार होता. एका अंगणात मात्र तिचे पाऊल थबकले. तिथे ना पान, ना देठ. उघड्या भुईतून थेट फुले वर आली होती, पांढरी, जांभळ्या ओठांची, सुवासिक. तो भुईचाफा होता. त्याला सुटी माती आणि दुपारची सावली मानवते. त्याचा कंद तिने खिडकीखालच्या वाफ्यासाठी काढला.

तीन वाफ्यांत तिने तिघांना लावले, तीन तांबे पाणी घातले आणि खुरपे खुंटीला टांगले.

वैशाखात गच्चीवरची खडी तापून लाल झाली, तरी सदाफुली फुलली. बकुळेचे केस कानापासून काळे होत गेले. भाद्रपदात न्हाणीघरामागे सोनटक्का फुलला आणि वासाने राजवाडा भरून गेला. बकुळेची पाठ सरळ झाली, काठी सुटली. खिडकीखाली भुईचाफ्याने रुंद हिरवी पाने पसरली होती. "तिघांत हाच जोमदार," असे राजा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

मार्गशीर्षात ती पाने पिवळी पडली, लोळली आणि मातीत मिसळून गेली. वाफा उघडा पडला. त्याच दिवशी बकुळा जेवून जी निजली, ती उठलीच नाही. राजवैद्याने तिच्या नाकाशी पीस धरले. पहिल्या दिवशी ते एकदा हलले. दुसऱ्या दिवशी हलले नाही. सेवक चंदनाची लाकडे आणायला गेले, आणि राजा स्वतः कुदळ घेऊन वाफ्यापाशी आला.

यमना तिथे बसली होती.

"बाजूला हो," राजा म्हणाला. "कंद जिवंत आहे की नाही, एवढेच पाहतो."

"पाहायला उकरलात तर मरेल, महाराज."

"आणि न उकरताच मेला असेल तर?"

"तर मेला असेल."

"तुला खात्री आहे का, यमने?"

"हा थंडीत निजतो आणि चैत्रात उठतो, असे माझा बाप सांगे. मी त्याला फुललेला पाहिला आहे. निजलेला आजच पाहते आहे."

"म्हणजे खात्री नाही."

"नाही. पण त्या पोरीला मी दूध पाजले आहे. माझे हात तरी कुठे ऐकतात?" असे म्हणून तिने पदराखालून हात पुढे केले. ते दोन्ही तिने मनगटापाशी सुतळीने करकचून बांधून घेतले होते.

राजा त्या हातांकडे पाहत राहिला. मग त्याने कुदळ मागे उभ्या असलेल्या प्रधानाच्या हाती दिली. "विहिरीत टाका. मी मागितली तरी मला दुसरी देऊ नका. लाकडे परत पाठवा."

तेव्हापासून राजा खिडकीत बसू लागला, आणि यमना रोज हात बांधून वाफ्यापाशी. पौष गेला, माघ गेला. प्रधान एकदा अदबीने म्हणाला, "तोवर दोनचार गुलाबाच्या कुंड्या मांडाव्यात का? परराज्यांचे वकील येतात, उघडी माती दिसते."

"त्यांना मातीच दाखवा," राजा म्हणाला.

त्याला फार वाईट वाटे. लेकीचे वाटेच, पण बसल्या बसल्या आणखी एक विचार येई. भिंतीपलीकडे फेकलेल्या झाडांत मेलेली किती होती आणि नुसती निजलेली किती? त्या विचाराने त्याचे जेवण सुटले. फाल्गुन लागला, तेव्हा राजवाड्यात त्याच्याएवढा रोड माणूस दुसरा नव्हता.

चैत्राच्या तिसऱ्या सकाळी वाफ्यात माती तडकली. राजा पाहत होता, म्हणून त्याने ते पाहिले. एक टोक वर आले, मग दुसरे, आणि ऊन खिडकीपर्यंत चढेतो उघड्या भुईवर फूल उमलून बसले होते. राजाने कुणाला हाक मारली नाही. तो अनवाणी धावत लेकीच्या दालनात गेला.

बकुळा उठून बसली होती, सतरा वर्षांची, केस विस्कटलेली. "बाबा, फार भूक लागली आहे," ती म्हणाली. "मी किती वेळ निजले होते?"

"एक थंडीभर," राजा म्हणाला, आणि तिला उराशी धरून रडला.

तो तिला खाली घेऊन आला, तर काळजट वाफ्यापाशी उभा होता आणि यमना त्याच्याकडून मनगटाची गाठ सोडवून घेत होती. बकुळेला पाहताच तिने उरलेली गाठ दातांनी तोडली आणि पोरीला कवेत घेतले.

"शाप सुटला," मांत्रिक म्हणाला. राजाने त्याच्या वाकलेल्या पाठीवर हात ठेवून क्षमा मागितली, आणि त्या भिंतीला मांत्रिकासाठी दार पाडायचा हुकूम तिथल्या तिथे सुटला.

मग राजा जरा घुटमळला. "यमने, आता हात लावायची बंदी नाही. मी एक तांब्या पाणी घालू का?"

"नको, महाराज. पावसाळ्यात तो आपला आपण पिईल."

राजाने मान डोलावली आणि मातीत मांडी घालून बसला. त्याच्या अंगणात आजवर हजारो फुले आली आणि गेली होती. पण मातीत निजलेले तेच झाड पुन्हा उठून फुललेले, पन्नाशी उलटलेला तो राजा आयुष्यात पहिल्यांदा पाहत होता.