नबीशा मागाच्या खड्ड्यात बसले

"मग देवानं माझी अक्कल काढून घेतली, असंच म्हणायचं का बाबा?"

सिदाप्पा सनगराने असं विचारलं आणि मान खाली घातली.

नबीशा फकीर त्याच्या दारातल्या दगडावर बसले होते. सिदाप्पाच्या बायकोने, गौराक्काने, दिलेली भाकरी हातावर घेऊन सावकाश खात होते.

सिदाप्पा घोंगड्या विणायचा. बाप विणायचा, आजाही विणायचा. बिरोबाच्या यात्रेत देवाच्या गादीवर अंथरायची घोंगडी दर वर्षी याच घरातून जायची, आणि तिचा काठ दर वर्षी नवा असायचा. तो त्या घराचा मान होता. माणसं देवाच्या पाया पडायची आणि मग वाकून काठ बघायची.

गेल्या यात्रेला जुनाच काठ गेला. त्याच्या आदल्या यात्रेलाही तोच. यंदा पुजाऱ्याने निरोप धाडला होता, की जमत नसेल तर तसं सांग, शेजारच्या गावातही सनगर आहेत.

त्या दिवसापासून सिदाप्पा विणत होता आणि उसवत होता. लोकर चांगली नाही म्हणाला. मग बायकोचं सूत जाड येतंय म्हणाला. गौराक्का म्हणाली, सूत तेच आहे आणि कातणारीही तीच आहे. त्यावर तो दिवसभर तिच्याशी बोलला नाही.

"माझा काठ बघायला लांबलांबून माणसं यायची बाबा. आता डोळे मिटले तरी तो जुनाच काठ दिसतो, आणि उघडले तरी तोच. यंदा मान गेला, तर माग मोडून चुलीत घालीन."

"हं..."

"काहीतरी सांगा की."

नबीशांनी हात झाडले. "बसतोस कुठं, ते दाखव."

आमच्याकडचा माग असा असतो, की विणणारा जमिनीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो, पायांनी खालच्या फळ्या दाबतो आणि हाताने आडव्या सुताचा धोटा फेकतो. खड्डा एकदा खणला की माणूस जन्मभर तिथेच. सिदाप्पाचा खड्डा मागच्या खोलीत होता, त्याच्या बापाने खणलेला. समोर भिंत. धुराने काळी झालेली.

माग त्या दिवशी रिकामाच होता. नबीशांनी वहाणा काढल्या, कुडत्याचा घोळ आवरला आणि ते हळूहळू त्या खड्ड्यात उतरून बसले. भिंतीकडे बघितलं. मग डोळे मिटले.

सिदाप्पाने बराच वेळ वाट बघितली.

"बाबा, उठता का? मला काम आहे."

"कर की. मी कुठं अडवतोय?"

"तुम्ही माझ्या जागेवर बसलाय."

"जागा चांगली आहे. गार आहे. यंदाचा उन्हाळा इथंच काढावा म्हणतो."

आता फकिराला हाताला धरून उठवायचं कसं? सकाळी ते ओढ्यावर जाऊन यायचे. तेवढ्यात आपण बसावं असं सिदाप्पाच्या मनात आलं होतं, पण जाताना ते झोळी आणि दांडा खड्ड्यात ठेवून जात. फकिराच्या झोळीला कोण हात लावणार? गौराक्का तर त्यांच्याच बाजूची. त्यांना भाकरी तिथेच नेऊन द्यायची. गल्लीतली माणसं खिडकीतून बघून जायची आणि सिदाप्पाला विचारायची, की फकीर सनगर झाला, आता तू फकीर कधी होणार?

यात्रा जवळ येत होती.

शेवटी सिदाप्पाने रागारागाने कुदळ उचलली आणि अंगणात, चिंचेखाली, नवा खड्डा खणला. माग बाहेर काढला, खुंट्या ठोकल्या, धागे ताणले आणि बसला.

पहिले काही दिवस हालाचेच गेले. वारा सूत उडवी. कोंबड्या धाग्यांवरून चालत. वरून चिंचेचा पाला पडे, तो लोकरीत अडके. आणि उजेड एवढा, की डोळे दिपून जात. तो तिथूनच घराकडे तोंड करून ओरडायचा, की बाबा, इथं बसणं माणसाचं काम नाही.

आतून आवाज यायचा, "हो का..."

एका तिन्हीसांजेला भिवा धनगराचा कळप अंगणाला लागून गेला. रोजच जायचा. सिदाप्पा आत असताना त्याला नुसता आवाज यायचा. आज तो जमिनीशी बसलेला होता. मान वर केली असती तर मेंढ्यांची तोंडं दिसली असती. त्याने मान वर केली नाही, म्हणून त्याला पाय दिसले.

काळे पाय, पांढरे पाय. एक पुढे, एक मागे. एकमेकांत शिरत होते, सुटत होते, आणि धुळीतून सगळे मिळून एकीकडेच चालले होते.

त्याच्या हातातला धोटा थांबला.

कळप गेला, धूळ खाली बसली, तरी तो तसाच बसून होता. गौराक्काने जेवायला हाक मारली. त्याने ओ दिली नाही. तिने दारातून बघितलं आणि पुन्हा हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवसापासून काठ उतरू लागला. काळ्या घोंगडीला पांढरा, पांढऱ्यात काळा. फुलं नाहीत, वेल नाही. नुसती चाललेली रेघ.

पुरा होत आला तेव्हा भिवा कुंपणापाशी थांबला. वाकून बघितलं. बघत बघत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला.

"या माझ्या मेंढ्या चालल्यात की, सिदाप्पा." मग एका जागी त्याने बोट ठेवलं. "आणि ही तर लंगडी. तिलाही घेतलीस?"

तिथे सिदाप्पाचा धागा चुकून तोकडा राहिला होता. तो उसवायला गेला. मग हात मागे घेतला.

घोंगडी यात्रेला गेली. देवाच्या गादीवर अंथरली. माणसं देवाच्या पाया पडली आणि काठ बघायला वाकली, ती लवकर उठेनात. म्हातारे धनगर तर बोटांनी चाचपून बघत होते. पुजाऱ्याने देवापुढचा नारळ सिदाप्पाच्या हातात दिला. तो घेताना सिदाप्पाला समोरचं काही नीट दिसत नव्हतं.

घरी आला तर नबीशा खड्ड्यातून वर येऊन झोळी बांधत होते. सिदाप्पाने नारळ त्यांच्यापुढे ठेवला आणि पायांवर डोकं ठेवलं.

"तुमचे उपकार कसे फेडू बाबा?"

"मी तर नुसता बसून होतो."

"मग कुणाचे मानू? चिंचेचे? मेंढ्यांचे? भिवाचे?"

"मान की. कुणी नको म्हणणार नाही."

गौराक्का दाराशी उभी होती. सिदाप्पाने तिच्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, की सूत यंदा फार चांगलं होतं. ती म्हणाली, दर वर्षीच असतं. पण हसली.

मग सिदाप्पाने फावडं घेतलं. अंगणातल्या मातीची पाटी भरून आत आणली आणि जुन्या खड्ड्याच्या काठावर टेकवली. म्हणाला, आधी हा बुजवतो. इतकी वर्षं यानं मला भिंतीकडे तोंड करून बसवलं.

नबीशांनी पाटीवर हात ठेवला.

"धोटा फेकायला कुठं शिकलास?"

"इथंच. बापाच्या मांडीवर."

"आणि तुटलेला धागा सांधायला?"

"इथंच..."

नबीशांनी झोळी खांद्याला लावली. सिदाप्पा पाटीकडे बघत राहिला. मग ती त्याने बाजूला सरकवली, गुडघ्यांवर बसला आणि खड्ड्याच्या काठावर कपाळ टेकलं. त्या काठाची माती बापाच्या बसण्याने आणि त्याच्या बसण्याने गुळगुळीत झालेली होती. तो बराच वेळ तसाच राहिला.

उठला तेव्हा नबीशा वहाणा घालून उंबऱ्यापाशी पोचले होते.

"बाबा, मग हा तसाच ठेवू?"

नबीशांनी मागे वळून बघितलं.

"ठेव. उठायचं म्हटलं, तरी आधी कुठंतरी बसलेलं असावं लागतं..."