काहीही करणारं गाढव

फार फार पूर्वी, शाळा निघायच्याही आधी, म्हणजे एकदम चांगले दिवस होते तेव्हा, एका गावात एक तरुण गाढव राहायचं. गाढवाला गाढव म्हटलं तर तेव्हा कोणी शिवी समजत नसे. नावच होतं ते त्याचं.

त्याला आई नव्हती. तळ्यातल्या एका म्हाताऱ्या म्हशीनं त्याला लहानाचं मोठं केलं. ते तिला मावशी म्हणायचं. आता म्हैस गाढवाची मावशी कशी, असं विचारू नका. माया तोंड बघून होत नाही.

मावशीची शेपटी अर्धी तुटलेली. पाठीवरच्या माश्यांपर्यंत ती पोचायची नाही. म्हणून रोज दुपारी गाढव शेजारी उभं राहून आपल्या शेपटीनं तिच्या माश्या हाकलायचं.

एक दिवस गाढवाच्या मामाचा निरोप आला. हा मामा सख्खा, म्हणजे गाढवच. "दसऱ्यापर्यंत भाच्याला काम मिळालं तर ठीक. नाहीतर मी येतो आणि त्याला सात डोंगरांपलीकडे चुन्याच्या भट्टीवर नेतो."

भट्टीवर गेलेलं कोणी परत येत नसे. मग मावशीच्या माश्या कोण हाकलणार?

"मी आत्ता काम आणतो!" म्हणत ते सुटलंच.

"अरे, आधी जरा रवंथ तर कर!" मावशी मागून ओरडली.

"रवंथ तू कर! मला एकच पोट आहे!"

धापा टाकत ते राजवाड्यावर पोचलं. कारभाऱ्यानं विचारलं, "काय काम करशील?"

"काहीही!"

"म्हणजे?"

"काहीही म्हणजे काहीही. तुम्ही सांगाल ते."

कारभारी खूश झाला. वाड्याचं मोठं दार वाऱ्यानं सारखं आपटायचं. तो म्हणाला, "मग असं कर, दाराला टेकून उभा राहा."

गाढव उभं राहिलं. दुपारी कोणीतरी त्याच्या कानांवर ओली पागोटी वाळत घातली. संध्याकाळी पोरं त्याच्या पाठीवरून घसरगुंडी खेळली. गाढवाला वाटलं, वा, नोकरी म्हणतात ती हीच!

चौथ्या दिवशी कारभारी म्हणाला, "दाराला दगड मिळाला. तू जा आता."

"पण माझं काय चुकलं?"

"तुझं काही नाही रे. दगड गवत खात नाही, एवढंच."

गाढव मान खाली घालून तळ्यावर आलं. मावशीनं सगळं ऐकलं आणि नुसती चघळत बसली.

"मावशी, बोल की काहीतरी!"

"थांब. घास व्हायचाय." घास झाल्यावर ती म्हणाली, "मला सांग, वर्षभरात तुला कोणी कोणी हाक मारली? आणि कशासाठी?"

"मला कोण हाक मारणार? 'ए गाढवा, बाजूला हो', एवढंच."

"नीट आठव. नाहीतर शिंग मारीन."

गाढवानं डोळे मिटले. बराच वेळ विचार केला. मग म्हणालं, "कुंभारीणकाकू हाक मारते. बाजाराच्या दिवशी तिला बैल चालत नाही, घोडा चालत नाही. मीच लागतो. उतारावर माझ्या पाठीवरचं मडकं फुटत नाही ना."

"आजवर किती फुटली?"

"एक. मला शिंक आली होती."

"हे कारभाऱ्याला सांगितलंस?"

"त्यानं विचारलंच नाही."

"विचारलं होतं. तू म्हणालास, काहीही. अरे बाळा, काहीही तर दगडालासुद्धा येतं! आता जा, पण मोठ्या दाराशी नको. स्वयंपाकघराच्या मागे जाऊन चर. देवानं एवढाले कान दिलेत, ते काय पागोटी वाळत घालायला?"

गाढव तिथे जाऊन चरू लागलं. चरणं कमी, ऐकणं जास्त. तिसऱ्या दिवशी आतून आचारीणबाईचा आवाज आला, "पुन्हा गाडगं फुटलं! राणीसाहेब तिकडे खोकून खोकून हैराण, आणि ह्या घोड्यानं डोंगरावरचा सगळा मध वाटेतल्या दगडांना पाजला!"

गाढवाला वाटलं, आत्ता आत घुसावं. पण नाही घुसलं. मावशीचा घास आठवला.

ते आधी कुंभारणीकडे गेलं. "काकू, कारभाऱ्यानं विचारलं तर माझ्याबद्दल सांगशील?"

"सांगेन की. शिंकेसकट सांगेन हो!"

मग ते रिकाम्या पाठीनं डोंगराची वाट तीनदा चढलं आणि तीनदा उतरलं. तिसऱ्या वळणावर एक रुंद धोंडा होता. दिसायला भक्कम, पण पाय ठेवला की डुगडुगायचा. गाढवानं तो लक्षात ठेवला.

दसऱ्याला दोन दिवस उरले. गाढवानं तळ्यात अंघोळ केली. मावशीनं त्याच्या अंगावरची कुसळं चाटून काढली. मग ते कारभाऱ्यापुढे जाऊन उभं राहिलं.

"तू परत आलास? आता काहीही काम नाही."

"काहीही नकोच मला. मी डोंगरावरचा मध आणीन. गाडगं फुटणार नाही. कुंभारीणकाकूला विचारा."

कारभाऱ्यानं विचारलं. काकूनं शिंकेसकट सांगितलं. कारभारी हसला आणि म्हणाला, "बघू तर खरं."

दुसऱ्या दिवशी डोंगरावर घोड्याच्या पाठीवर मधाची दोन गाडगी आणि गाढवाच्या पाठीवर दोन गाडगी चढली. घोडा फुरफुरला, "मी काहीही वाहतो!" आणि गाढवाला खेटून उड्या मारत निघाला. तिसऱ्या वळणाशी गाढव मात्र थांबलं ते थांबलंच. बघायला आलेले लोक ओरडले, "अडलं रे अडलं! गाढव ते गाढवच!" गाढवानं कान हलवले आणि कडेच्या झुडपातून हळू वळसा घेतला. थेट पुढे गेलेल्या घोड्याचा पाय त्या धोंड्यावर पडला. धोंडा डुगडुगला. फटाक, फटाक! घोडा वाचला, मध गेला.

गाढवाची दोन्ही गाडगी मात्र थेंब न सांडता आली. त्या दिवशी राणीसाहेबांचा खोकला थोडा बसला आणि गाढवाला काम मिळालं.

"काही मागायचंय?" कारभाऱ्यानं विचारलं.

"दुपारी तळ्यावर जाऊ द्या. मावशीच्या माश्या हाकलायच्या असतात."

दसऱ्याला मामा आला, मध चाटला आणि एकटाच परत गेला.

गाढव आता रोज मोठ्या दारातून मध घेऊन जातं. दाराच्या दगडापाशी थांबतं आणि विचारतं, "काय रे, तुझं कसं चाललंय?" दगड बिचारा काहीही बोलत नाही.

बोध एवढाच: काहीही मागणाऱ्याला काहीही मिळतं, पण आपल्याला काय येतं आणि ते कुणाला हवंय हे आधी शोधून जो दार वाजवतो, त्याला त्याचं काम मिळतं.