दोन्ही डोळ्यांनी पाहणारा घोयरा

डोंगराच्या पायथ्याशी, बांबूच्या बेटाशेजारी एक चिमुकली झोपडी होती. तिथे झेलू राहायची. तिची आई बांबूच्या टोपल्या विणायची. धाकटा भाऊ म्हादू पूर्वी दिवसभर चिवचिवायचा, पण मोठा ताप आला आणि जाताना त्याचं बोलणंही घेऊन गेला. तो नुसता टुकूटुकू पाहायचा. झेलूला वाटे, याने एकदा तरी "ताई" म्हणावं.

एका सकाळी ती शेळ्या घेऊन देवराईजवळ गेली. तिथला झरा आटला होता. पण नेच्यांच्या हिरव्या पानांत काहीतरी लुकलुकलं. पोपटी, सोनेरी, मग जांभळं! चतुराच्या पंखांसारखे झिरमिरीत पंख असलेली एक परी दगडावर बसली होती. तिच्या तळव्यावर वाळक्या पानासारखं काहीतरी होतं. ते पान हळूच डुललं आणि त्याने एक डोळा फिरवला.

"अगंबाई, हा तर सरडा!" झेलू पुटपुटली.

"घोयरा आहे, रंग बदलणारा इवलासा घोयरा," परी हसली. "झरा पुन्हा वाहीपर्यंत याला सांभाळशील? एकच इच्छा पुरी होईल. पण ज्या क्षणी तो दोन्ही डोळ्यांनी एकदम तुझ्याकडे पाहील, त्या क्षणीच मागायची. आणि त्याला हातात धरायचं नाही. हाताला तो घाबरतो."

झेलूने परकराचा घोळ पसरला. घोयरा आपणहून त्यात उतरला. इतका हलका, जणू नुसती फुंकर!

आईने विरळ विणीची एक टोपली दिली, म्हणजे वारा खेळता राहील. झेलूने आत ओली माती घातली, शेवाळ पसरलं, करवंदीची नाजूक फांदी रोवली. कोपऱ्यात केळ्याची साल ठेवली. तिच्यावर चिलटं जमली आणि घोयऱ्याची लांबच लांब गुलाबी जीभ सटकन बाहेर येऊन आत गेली. म्हादूचे डोळे विस्फारले!

मग झेलूने पाहुण्याला देतात तसं वाटीत गूळपाणी ठेवलं.

शेजारची पारूआत्या पदर तोंडाला लावून खुदखुदली. "सरड्याला गूळपाणी! अगं, मग पानसुपारीही दे की!"

"पाहुणाच आहे तो, आत्या."

पण पाहुणा वाटीकडे फिरकेना. झेलूने गूळ काढून साधं पाणी ठेवलं, तरीही नाही. दिवसामागून दिवस गेले. तो फिका पडला, त्याचे मण्यांसारखे डोळे खोल गेले. त्याचा एक डोळा आढ्याकडे असे, एक मातीकडे.

"आई, तहानेने मरेल गं तो! पाणी समोर आहे, तरी का पीत नाही?"

म्हादू टोपलीला गाल लावून बसला होता. आणि तेव्हाच घोयऱ्याचे दोन्ही डोळे सावकाश फिरले. दोन्ही झेलूवर थांबले. घरातला वाराही जणू थबकला.

झेलूच्या ओठांवर म्हादूचं नाव आलं. तिने भावाकडे पाहिलं, मग त्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे.

"परीताई," ती म्हणाली, "आधी याची तहान भागव."

छपरातून मोतिया धुकं झिरपलं. करवंदीच्या पानापानावर दंव उमललं, आणि थेंबाथेंबात इवली इंद्रधनुष्यं थरथरली. घोयरा डुलत डुलत पुढे आला. त्याने पानाच्या टोकावरचा एक थेंब चाटला. मग दुसरा. वाटीतलं पाणी त्याला कधी पाणी वाटलंच नव्हतं. त्याच्या जंगलात पाणी पानांवर राहायचं!

"ताई, पितोय! तो पितोय!"

आईच्या हातातली बांबूची काडी खाली पडली. बोलला होता तो म्हादू.

धुक्यात परी उभी होती, पंख उगवतीच्या उन्हासारखे. "दुसऱ्यासाठी मागितलेली इच्छा एकटी येत नाही, झेलू," ती हळुवारपणे म्हणाली. "येताना मनात राहिलेल्या धाकट्या बहिणीलाही घेऊन येते. आता रोज पानांवर पाणी शिंपडत जा हं."

"मी शिंपडणार!" म्हादू ओरडला. "मी, मी, मी!"

परी खुदकन हसली. तिचं हसू सोनेरी झालं, सोनं पांढरंशुभ्र झालं, आणि ती त्या उजेडात विरघळून गेली. आईने म्हादूला छातीशी धरलं. तिला रडू येत होतं, हसूही येत होतं.

"बोल रे माझ्या राजा," ती म्हणत होती, "अजून बोल."