सुईणीच्या हातचं पाणी

जर्मनीतल्या एका डोंगराळ गावात ओटिलिया नावाची म्हातारी सुईण होती. गाव ल्युथरपंथी ख्रिस्ती. जन्मलेलं बाळ जगेलसं दिसत नसलं आणि पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, वेळेत पोचणार नसले, तर सुईणीनेच त्याला बाप्तिस्मा द्यायचा, अशी तिथली रीत. एका हिवाळ्यात क्रिस्टिनेच्या बाळाला ओटिलियाने तसाच बाप्तिस्मा दिला आणि घटकाभरात ते गेलं.

नेमके त्याच दिवशी वरिष्ठ पाळक हार्टविग गावात तपासणीला आले होते. जन्म याच गावचा, पण शहरातल्या मोठ्या पदाने मान ताठ झालेली. क्रिस्टिनेच्या दारात उभे राहून ते गरजले, "चुलीजवळच्या घागरीतलं पाणी आणि अडाणी बाईचा हात! याला बाप्तिस्मा म्हणत नाहीत. बाप्तिस्मा न झालेल्या या पोराला चर्चच्या दफनभूमीत जागा मिळणार नाही."

ओटिलिया शांतपणे म्हणाली, "बरं, पाळकसाहेब. मग दफनभूमीच्या कुंपणाबाहेर दोन जागा धरून ठेवते. एक या बाळाची, एक तुमची."

"माझी?"

"तुम्ही जन्मलात ते निळेजांभळे होऊन. नदीला पूर होता, पाळक पलीकडे अडकलेले. तेव्हाही चुलीजवळचंच पाणी होतं आणि हाच हात होता. खोटं वाटत असेल तर चर्चची नोंदवही काढून बघा."

हार्टविगांनी नोंदवही मागवली नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि क्रिस्टिनेला विचारलं, "बाप्तिस्म्यात बाळाचं नाव काय ठेवलं?"