हिंदुरावचा मोकळा रस्ता

“आक्का, तू गप बस! ट्रकातलं तुला काय कळतंय?” हिंदुराव भर सभेत आईवर खेकसला. मिशी भरघोस, अक्कल विरळ.

मोठ्या गाड्यांना बंपरजवळचं दाखवणारा आरसा सक्तीचा करावा का, हे गावाला विचारायला परिवहनचे साहेब आले होते. आक्का म्हणत होती, कराच. मागच्या बाजारी हिंदुरावच्याच ट्रकापुढं उभा असलेला सकीनाचा भाजीचा गाडा ड्रायव्हरला दिसला नाही. गाड्याचा चुरा झाला, सकीना कशीबशी वाचली.

“आरसा कशाला? वर बसलं की सगळं दिसतं. लोकच आंधळे!”

“मग बस वर, आणि काय दिसतं ते साहेबांना सांग,” आक्का म्हणाली. ट्रकाची किल्ली मात्र तिनं आधीच कनवटीला खोचली.

हिंदुराव मिशीला पीळ देत चावडीच्या दारात उभ्या असलेल्या आपल्या ट्रकात चढला. बायका पदरात तोंड खुपसून हसू लागल्या.

“हसताय काय? रस्ता लख्ख मोकळा आहे. समोर चिटपाखरूसुद्धा नाही!”

तेव्हा बंपरला पाठ टेकून बसलेली आक्का गुडघे धरत उठली आणि म्हणाली, “चिटपाखरू नाही रे बाबा, तुझी आई आहे; आता आरसा बसवतोस, का दुसरी आई बघतोस?”