बारावी खुर्ची

वसईकडच्या एका गावात दुमिंग नावाचा एक केळीबागायतदार राहत होता. गाव सगळं ख्रिस्ती, आणि दुमिंग गावापेक्षा चार बोटं जास्तच ख्रिस्ती. उपवासकाळाचे चाळीस दिवस तो मांस-मासळीला शिवत नसे, आणि आपण शिवत नाही हे चाळीस दिवस सगळ्यांना सांगत असे. रोझरीची प्रार्थना तर इतक्या मोठ्याने म्हणायचा की, आळीतल्या बाकीच्यांनी नुसतं शेवटी आमेन म्हटलं तरी भागावं. माणूस वाईट नव्हता. फक्त देव आपल्याचकडे बघतोय असं त्याला जरा जास्त वाटायचं.

त्या गावात बारा आळ्या होत्या. प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी फादर वेदीसमोर बारा माणसांचा उजवा पाय धुवायचे. दर आळीचा एक माणूस. बारा खुर्च्या ओळीने मांडलेल्या. आता धुवायचा म्हणजे पाय मळलेला नको का? पण गाव पडलं अब्रूचं. फादरांच्या हाताला मळ लागला तर आळीचं नाक कापलं जाईल, म्हणून बाराही जण घरूनच पाय घासूनपुसून यायचे. बिचारे फादर जेरोम दरसाल धुतलेलेच पाय धुवायचे. त्यातले काही शहाणे तर उजवा तेवढाच घासत. डावा मोज्यात असतो, त्याला कोण बघतंय?

दुमिंगची आळी सगळ्यांत लांबची, खाडीकाठची. त्यामुळे तिच्या वाट्याला शेवटची, बारावी खुर्ची. त्या खुर्चीवर बसण्याची वाट दुमिंग अठरा वर्षं बघत होता. दर वर्षी कुणीतरी दुसराच निवडला जाई आणि दुमिंग मागच्या बाकावरून त्याच्या पायात खोड काढत बसे.

त्याच्या कुंपणापलीकडे पास्कू राहायचा. एके काळचा सुतार, आता एकटा. बायको गेलेली, मुलगा आखातात. साखरेच्या दुखण्याने पास्कूच्या डाव्या पायाला जखम झाली होती आणि ती काही केल्या भरत नव्हती. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, ईस्टरचा सण झाला की पुढच्या मंगळवारी पाय गुडघ्यापासून काढायचा.

पवित्र गुरुवारच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी पास्कू कुंपणाशी आला.

"दुमिंग, एक काम करशील? गुरुवारी मला चर्चला, मिस्साला ने. हातगाडीवरून दारापर्यंत सोड, पुढे मी चालेन. एकदा दोन्ही पायांनी चर्चमध्ये जाऊन यायचंय. नंतर एकाच पायाने जायचं आहेच जन्मभर."

"हे काय विचारणं झालं? नेतो की," दुमिंग म्हणाला. आणि त्या वेळी ते त्याने मनापासून म्हटलं होतं.

दोनच दिवसांनी, मंगळवारी, आळीतर्फे निवडलेला माणूस तापाने आडवा झाला. फादरांचा निरोप आला, बाराव्या खुर्चीवर दुमिंगने बसावं.

झालं! बुधवारपासून दुमिंगने वाडीत पाऊल टाकलं नाही. केळी सुकली तरी चालतील, टाच फुटता कामा नये. गुरुवारी दुपारी तो न्हाणीत वज्री, लिंबू आणि खोबरेल तेल घेऊन बसला तो तासभर. त्याची बायको सेसिल दारात येऊन उभी राहिली.

"अहो, आपल्या लग्नाला एवढे घासले असतेत, तर मी माहेरी दोनदा कमी गेले असते."

"तुला नाही कळायचं. देवाचं काम आहे."

"आणि पास्कूला न्यायचंय ना?"

दुमिंगचा हात थांबला. पास्कूला न्यायचं म्हणजे त्याला उचलून गाडीत ठेवायचं. वाटेत चिखल, पायाला पू, पांढऱ्या सदऱ्याला वास. शिवाय उशीर.

"बघतो," तो म्हणाला. बघतो म्हणजे काय, हे तुम्हालाही माहीत आहे आणि सेसिललाही होतं.

चार वाजता तो घरातून निघाला. पास्कू इस्त्रीचा सदरा घालून पायरीवर तयार बसला होता. हातात काठी, पायाला नवी पट्टी.

"आलास? गाडी कुठाय?"

दुमिंगने कुंपणाकडे तोंड न वळवताच हात हलवला. "पास्कू, आज मला खुर्चीवर बसायचंय रे. रविवारी नेतो तुला." आणि तो झपाझप चालू लागला. मागून शिवी आली असती तर बरं, असं दुमिंगला उगाच वाटलं.

चर्च गच्च भरलं होतं. बाराही जण उजव्या पायाचा बूट काढून बसले. फादर जेरोम सत्तरीचे. एकेका माणसापुढे गुडघे टेकायचे, पाणी घालायचे, पुसायचे, पायाचं चुंबन घ्यायचे आणि उठताना जमिनीला हात लावायचे. दर वेळी त्यांच्या तोंडून बारीकसं कण्हणं निघे. दुमिंगच्या मनात आलं, पास्कूही उठताना असाच कण्हतो. त्याने तो विचार झटकला. तो परत आला. सहावा पाय झाला, सातवा झाला. पास्कू अजून पायरीवरच बसला असेल. की आत गेला असेल? आत जायलाही त्याला कुणाचा तरी खांदा लागतो.

फादर दुमिंगपुढे आले. त्यांनी तो लखलखीत पाय तळहातावर घेतला आणि हळूच, थट्टेने म्हणाले, "दुमिंग, यात मला धुवायला काही ठेवलंस की नाही?"

बाकीच्या अकरा जणांनाही त्यांनी बहुधा असंच काही म्हटलं असेल. पण दुमिंगला ते थट्टेसारखं ऐकू आलंच नाही. त्याने पाय मागे घेतला.

"फादर, मला जायला हवं."

"आत्ता?"

"आत्ताच."

आता हे समजून घ्या. त्या शेवटच्या भोजनातून मध्येच उठून गेला तो एकच शिष्य, यहूदा, प्रभूला धरून देणारा. ही गोष्ट त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या दिवशी, त्या विधीत, बाराव्याने उठून जायचं म्हणजे जन्मभराचं नाव लावून घ्यायचं. दुमिंगला हे कळत होतं. तरी तो उठला, बूट हातात घेतला आणि भरल्या चर्चमधून, एक पाय बुटात आणि एक उघडा, चालत निघाला.

"यहूदा गेला," कुणीतरी पुटपुटलं. एका म्हातारीने क्रुसाची खूण केली.

बाहेर पडल्यावर तो धावला.

पास्कू पायरीवर नव्हता. वाट बघून तो एकटाच काठी टेकत निघाला होता आणि कुंपणाच्या फाटकाशीच पडला होता. पट्टी सुटलेली, जखमेत माती, इस्त्रीच्या सदऱ्याला रक्त.

"मिस्सा संपली?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग तू इथे काय करतोस?"

दुमिंगने विहिरीचं पाणी आणलं, तिथेच मातीत बसला, पास्कूचा पाय मांडीवर घेतला आणि धुऊ लागला. पांढऱ्या सदऱ्याचं काय झालं ते सांगायला नको.

"हळू रे बाबा," पास्कू दात आवळून म्हणाला. "दुपारी स्वतःचा घासलास तसा घासू नकोस. हा हातात येईल."

दुमिंग हसला नाही, बोटांच्या टोकांनी माती काढत राहिला.

जखम चिघळली. मंगळवारपर्यंत थांबता आलं नाही, शनिवारीच पाय काढावा लागला. दोन्ही पायांनी चर्चमध्ये जायचं राहिलं ते राहिलंच.

गावात मात्र दुमिंगचं 'यहूदा' असं नाव पडलं. वाटेने जाताना पोरं ओरडत, बाजारात मोठी माणसं पाठ वळली की हसत. दुमिंगने कुणाला काही सांगितलं नाही. रोझरीतला त्याचा आवाजही खाली आला. बाकीच्यांना आपापली म्हणावी लागू लागली.

दीड महिन्याने त्याने पास्कूला हातगाडीत बसवून मिस्साला नेलं. चर्चच्या दाराशी दोघं-तिघं उभे होते.

"यहूदासाहेब, आज शेवटपर्यंत बसणार ना?"

पास्कू गाडीतच ताठ झाला. "थांब, आज यांना सांगतोच त्या दिवशी तू कुठे आला होतास ते."

दुमिंगने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सांग. पण मग आधी तुझ्या दारावरून कसा गेलो होतो तेही सांगावं लागेल."

पास्कूने काठी गाडीत आडवी ठेवली आणि दोन्ही हात दुमिंगच्या गळ्यात टाकले.

"चल," तो म्हणाला. "उचल मला."

तात्पर्य: शेजाऱ्याला टाळून देवासाठी राखलेला स्वच्छपणा देवाच्याही कामाचा नसतो, आणि चूक उमगल्यावर उशिरा केलेलं भलं काम करावं जरूर, पण त्याची शाबासकी मागू नये.