तोडकरांची वही

“अहवालात तोडकरांचं नाव सरळ लिहू, सर, की नुसतं ‘दिवंगत कर्मचारी’ म्हणू?”

उपासनींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पंपांच्या त्या कारखान्यात संगणक विभाग त्यांनीच उभा केला होता. गिरमे तिथला सर्वांत हुशार. हे गिरमेलाही ठाऊक होतं.

“कारण काय लिहिलंयस?”

“चुकीची मांडणी. ‘सर्व कर्मचारी’ हा गट तोडकरांनी स्वतःच्या खात्यावर ठेवला होता. खातं गेलं, गट गेला. दोन दिवस पोर्टलवर रजेचा अर्ज नाही, पाळ्यांचा तक्ता नाही. बाराशे माणसांना एकच उत्तर... तुम्हाला परवानगी नाही.”

“खातं कुणी काढलं?”

“मी. माणूस गेला की खातं काढायचं, हा नियमच आहे.”

“वही पाहिली होतीस?”

गिरमे हसला. “ती वही? संगणकात काही बदलायच्या आधी हाताने नोंद करायची, खाली वाचणाऱ्याच्या सहीसाठी एक ओळ रिकामी सोडायची, मग रेघ ओढायची. पहिलीतल्या पोरासारखे दुरेघी घेऊन बसले तोडकर, असं म्हणायचो आम्ही.”

“त्याच्यासमोर?”

“...त्यांच्यासमोरच. तेही हसायचे.”

उपासनी उठले. फळीवरची वही काढून त्यांनी शेवटचं पान उघडलं आणि गिरमेपुढे ठेवलं.

अक्षर हललेलं होतं. तारीख तोडकर दवाखान्यात दाखल झाले त्याच्या आदल्या दिवसाची.

‘सर्व कर्मचारी हा गट माझ्या खात्यावर आहे. चूक माझी. बदलायचं राहून गेलं. माझं खातं काढण्याआधी गट दुसऱ्याच्या नावावर करावा, नाहीतर पोर्टल सगळ्यांना बंद होईल.’

खाली सही. सहीखाली एक ओळ रिकामी. मग रेघ, थोडी तिरपी.

गिरमेने ते दोनदा वाचलं. त्याचे कान तापले होते.

“सकाळच्या मीटिंगमध्ये मी त्यांचं नाव तीनदा घेतलं, सर.”

“ऐकलं मी.”

उपासनींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“डिस्पॅच विभागाकडून कोण आलं होतं मीटिंगला?” उपासनींनी विचारलं.

“...तोडकर वहिनी.”

“काही बोलल्या?”

“नाही. मान खाली घालून लिहून घेत होत्या. मी काय सांगतोय ते.”

गिरमेने अहवाल पुसून टाकला. मग घाईघाईने म्हणाला, “कारण सापडायलाच दोन दिवस गेले, आता अर्ध्या तासात पोर्टल सुरू करतो, सर. गट नव्याने बांधतो, या वेळी विभागाच्या नावावर.”

उपासनींनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन त्याच्यापुढे धरलं.

गिरमेने पेन घेतलं. रेघेखाली तारीख घातली. पहिला शब्द लिहायला त्याला फार वेळ लागला.

‘तोडकरांनी लिहून ठेवलं होतं. मी वही न वाचता खातं काढलं. मीटिंगमध्ये दोष त्यांना दिला. चूक माझी. — गिरमे.’

नावाला लागूनच तो रेघ ओढू लागला. उपासनींनी त्या जागी बोट ठेवलं.

“वहिनींना काय सांगू, सर?” गिरमेने वर न बघता विचारलं.

“एक ओळ मोकळी सोड,” उपासनी म्हणाले, “आणि वही घेऊन डिस्पॅचमध्ये जा.”